एचडीएल कमी आलं म्हणून एलकॅट वाढवायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 41, नागपुरातच बैठी नोकरी. वार्षिक तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल 168, ट्रायग्लिसराइड 212, एचडीएल 31 आणि एलडीएल 95 आलं. जिममधल्या एका ओळखीच्याने सांगितलं की 'चांगलं' कोलेस्टेरॉल कमी म्हणजे रक्तातलं एलकॅट नावाचं एन्झाइम मंद पडलंय. त्यानेच 'एलकॅट वाढवणारी' म्हणून लेसिथिनची कॅप्सूलही दिली, महिन्याचा खर्च अठराशे रुपये. त्यात आईच्या बुबुळांभोवती पांढरं कडं आहे, आणि एलकॅटच्या आजारात डोळ्यांत पांढरेपणा येतो असं कुठेतरी वाचनात आलं, त्यामुळे झोप उडालीय. विचारलंय की हे एन्झाइम नेमकं करतं काय, ते तपासून घ्यावं का, आणि वाढवता येतं का.

उत्तर आधी सांगून टाकते. कॅप्सूल बंद करा, एलकॅट तपासायच्या मागे लागू नका. तुमच्या रिपोर्टमध्ये मला खुपतो तो 31 नव्हे, 212. असं का, ते सांगायला मात्र वेळ लागेल. मी धंतोलीत बायोकेमिस्ट्रीची लॅब चालवते, सव्वीस वर्षं झाली, आणि हे एन्झाइम माझ्या जरा जिव्हाळ्याचं आहे.

कोलेस्टेरॉल रक्तात दोन रूपांत फिरतं, इथून सुरुवात करू. एक मुक्त, दुसरं एस्टर, म्हणजे ज्याला मेदाम्लाची (फॅटी अ‍ॅसिडची) शेपटी जोडलेली आहे असं. तुमचं एकूण 168 आहे ना, त्यातलं पंचेचाळीस-पन्नास मुक्त असेल आणि उरलेलं सव्वाशेच्या आसपास एस्टर. लॅब दोन्हींची बेरीज देते, म्हणून हा भेद रिपोर्टवर कधी दिसत नाही. मुक्त कोलेस्टेरॉलच्या रेणूला एका टोकाला पाण्याची ओढ असलेला छोटासा हायड्रॉक्सिल गट असतो. त्यामुळे ते मेदकणाच्या, म्हणजे रक्तातून मेद वाहून नेणाऱ्या एचडीएल-एलडीएलसारख्या कणाच्या, पृष्ठभागावर, पाण्याकडे तोंड करून बसतं. तिथून निसटून शेजारच्या पेशीच्या पडद्यात जाऊ शकतं, परतही येऊ शकतं. एस्टर झालं की ती पाण्याची ओढ संपते. मग ते कणाच्या पोटात शिरतं आणि तिथून सहजासहजी बाहेर पडत नाही.

आपल्या विदर्भाच्या माणसाला हे समजवायला मी जिनिंग-प्रेसिंगचं उदाहरण देते. सरकी काढलेली सुटी रुई अंगणभर पसरते, वारा आला की उडते, जागा खाते. प्रेसमध्ये घालून तिची गाठ बांधली की तीच रुई गोदामात थप्पीला लागते. रुई तेवढीच, वजन तेवढंच, फक्त तिचं वागणं बदललं. एलकॅट म्हणजे रक्तातली ती प्रेस. लेसिथिन हा मेदकणांच्या पृष्ठभागावरचाच एक घटक. त्याच्या मधल्या कार्बनवरचं मेदाम्ल हे एन्झाइम काढतं आणि कोलेस्टेरॉलच्या त्या हायड्रॉक्सिल गटावर बसवतं. कोलेस्टेरॉल एस्टर होऊन आत जातं. मेदाम्ल गमावलेलं लेसिथिन, म्हणजे लायसोलेसिथिन, अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाच्या खांद्यावर बसून निघून जातं. लेसिथिन-कोलेस्टेरॉल असायलट्रान्स्फरेज या लांबलचक नावात हे सगळं आलंच आहे. बोलताना आम्ही एलकॅट म्हणतो.

या प्रेसला कोणतंही मेदाम्ल सारखंच चालत नाही. लेसिथिनच्या त्या मधल्या जागेवर बहुतेक वेळा बहु-असंतृप्त मेदाम्ल असतं, त्यामुळे रक्तातल्या कोलेस्टेरॉल एस्टरमध्ये लिनोलेइक आम्लाचा वाटा सगळ्यात मोठा निघतो. हे मेदाम्ल शरीर स्वतः बनवत नाही, ते खाण्यातून येतं. म्हणून माणूस गेले काही आठवडे कुठल्या तेलात जेवला याचा अंदाज संशोधक त्याच्या रक्तातल्या एस्टरांवरून बांधतात. घरात सोयाबीन, सावजीच्या रश्शात जवस, सणाला तूप, या सगळ्याची नोंद एलकॅट इमानेइतबारे ठेवत असतं.

हे एन्झाइम मुख्यतः यकृतात तयार होतं आणि रक्तात सोडलं जातं. काम रक्तातच, मुख्यतः एचडीएलच्या कणांवर. मात्रा अगदी थोडी, एका मिलिलिटर प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरलेल्या द्रवात, पाच-सहा मायक्रोग्रॅम. नवं जन्मलेलं एचडीएल गोल नसतं, चपट्या चकतीसारखं असतं. लेसिथिनचा दुपदरी थर आणि त्याच्या काठाला कमरपट्ट्यासारखं गुंडाळलेलं अ‍ॅपो-ए-वन हे प्रथिन. हे अ‍ॅपो-ए-वन एलकॅटला चालना देतं, त्याच्याशिवाय प्रेस जवळपास बंदच. चकतीवरचं मुक्त कोलेस्टेरॉल एस्टर होऊन दोन थरांच्या मध्ये साठायला लागलं की चकती फुगते आणि तिचा गोळा होतो. तुमच्या रिपोर्टवरचं एचडीएल-कोलेस्टेरॉल म्हणजे प्रामुख्याने या गोळ्यांच्या पोटातला माल. प्रेस बंद पडली तर गोळे होणार नाहीत, चकत्या मूत्रपिंडावाटे आणि इतर वाटांनी लवकर नाहीशा होतील, आणि एचडीएलचा आकडा कोसळेल. जिमवाल्याचं तर्कशास्त्र इथवर बरोबर आहे. पुढे त्याने उलटी उडी मारली: आकडा कमी आहे, म्हणजे प्रेस बंद असणार. बाजारात गाठी कमी दिसल्या तर प्रेस बिघडली असेल, कापूस आला नसेल, किंवा गाठी आल्याआल्याच ट्रकवर चढून गेल्या असतील. तुमच्या बाबतीत ट्रकची गोष्ट आहे, तिकडे येतेच.

हे एन्झाइम सापडलं कसं, ते मला नेहमीच गमतीचं वाटतं, कारण ते एका अर्थी लॅबमधल्या निष्काळजीपणासारख्या प्रयोगातून सापडलं. 1935 मध्ये अमेरिकेत वॉरन स्पेरीने दाखवलं की सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारा द्रव, शरीराच्या तापमानाला नुसतं ठेवून दिलं तरी त्यातलं मुक्त कोलेस्टेरॉल कमी होत जातं आणि एस्टर वाढतं. सीरम आधी चांगलं तापवून घेतलं तर असं होत नाही. म्हणजे रक्तात काहीतरी जिवंत काम करतंय. ते मेदाम्ल लेसिथिनमधून येतं आणि हे काम करणारं एन्झाइम प्लाझ्मातलं आहे, हे जॉन ग्लॉमसेटने सिएटलला 1962 मध्ये मांडलं. पेशींमधलं जादा कोलेस्टेरॉल एचडीएलवर चढतं, एलकॅट ते बांधून टाकतं आणि ते यकृताकडे परत जातं, ही उलट्या वाहतुकीची कल्पनाही त्याने 1968 मध्ये मांडली. 'चांगलं कोलेस्टेरॉल' हा शब्द आज चहाच्या टपरीपर्यंत पोचलाय, त्याचं एक मूळ तिथे आहे.

स्पेरीचा प्रयोग मी न ठरवता केला आहे. एमडी करताना काविळीच्या रुग्णांतलं मुक्त आणि एस्टर कोलेस्टेरॉल मोजायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा मुक्त कोलेस्टेरॉल डिजिटोनिनने साक्याच्या रूपात खाली बसवायचं, धुवायचं, मग रंग आणून मोजायचं, म्हणजे एका नमुन्याला अर्धा दिवस. मे महिना, दुपारी लाइट गेलेली, कूलर बंद, आणि मी नमुन्यांचा एक स्टँड बर्फात ठेवायचा विसरून टेबलावरच सोडून जेवायला गेले. परत येऊन काम हातात घ्यायला संध्याकाळ झाली. एका नमुन्याचं सकाळी मोजलेलं मुक्त कोलेस्टेरॉल होतं 62, संध्याकाळी आलं 44. एकूण मात्र दोन्ही वेळा 190. मला वाटलं माझा हात चुकला. सरांनी दोन्ही आकडे पाहिले आणि फक्त विचारलं, "नळ्या कुठे होत्या?" नागपूरच्या मेमध्ये टेबलावरची नळी म्हणजे फुकटातलं इन्क्युबेटर. रक्त शरीरातून बाहेर काढलं तरी प्रेस चालूच होती. त्या दिवसापासून आमच्याकडे मुक्त कोलेस्टेरॉलचा नमुना आला की तो बर्फातच येतो, नसेल तर परत जातो. तुमच्या साध्या लिपिड प्रोफाइलला याने फारसा फरक पडत नाही, कारण एकूण बेरीज तीच राहते.

आजची पद्धत सोपी आहे, आणि तिच्यात एलकॅटच्या कामाचं उलट रूप दिसतं. अभिकर्मकात, म्हणजे तपासणीच्या रसायनात, पहिलं एन्झाइम असतं कोलेस्टेरॉल एस्टरेज. ते एलकॅटने बांधलेल्या सगळ्या गाठी सोडवतं. मग कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज मोकळ्या झालेल्या कोलेस्टेरॉलवर काम करून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, आणि पेरॉक्सिडेज त्यातून लालसर गुलाबी रंग आणतं. रंग जितका गडद तितकं कोलेस्टेरॉल जास्त. अभिकर्मकातून पहिलं एन्झाइम वगळलं की फक्त मुक्त कोलेस्टेरॉलचा रंग येतो. दोन नळ्या शेजारी ठेवल्या तर निरोगी माणसाची दुसरी नळी फिकी, साधारण चौथा ते तिसरा हिस्सा रंगाची. एलकॅट बंद असलेल्या माणसाची दुसरी नळी पहिलीच्या जवळ जाते. एलकॅटची क्रियाशीलता थेट मोजणं हे नेहमीच्या लॅबचं काम नाही, पण ही दोन नळ्यांची तुलना बरंच सांगून जाते.

आता एलकॅट खरंच बंद असतं तेव्हा काय होतं ते बघू, कारण तुमची भीती तिथली आहे. 1967 मध्ये ओस्लोमध्ये नोरुम आणि योने या डॉक्टरांनी 33 वर्षांच्या एका बाईचं वर्णन केलं. डोळ्यांच्या पारपटलावर (कॉर्नियावर) धूसरपणा, रक्त कमी, लघवीतून प्रथिन जातंय, आणि प्लाझ्मातलं कोलेस्टेरॉल जवळपास सगळं मुक्त. तिच्या बहिणींतही तेच निघालं. या आजाराचं जनुक 16 व्या गुणसूत्रावर आहे आणि आई-वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार पूर्ण दिसतो. म्हणून असा संशय आला की मी पहिलं विचारते, आई-वडील नात्यातले आहेत का. मामाची मुलगी करायची पद्धत आपल्याकडे अनेक घरांत आहे, आणि लोक हे आपणहून सांगत नाहीत.

या आजारात एचडीएल बहुतेकदा 10 च्याही खाली असतं. 31 नव्हे. पारपटल सगळीकडून बारीक राखाडी ठिपक्यांनी भरल्यासारखं दिसतं, काठाकडे जास्त. 1979 मध्ये स्वीडनमध्ये याचाच सौम्य भाऊबंद सापडला. त्यात डोळे उकडलेल्या माशासारखे दिसतात म्हणून त्याला फिश-आय आजार नाव पडलं. तिथे एन्झाइम एचडीएलवर काम करत नाही पण एलडीएलवर थोडं करतं, म्हणून डोळे धूसर आणि एचडीएल नगण्य असूनही मूत्रपिंड वाचतं. पूर्ण आजारात मात्र मूत्रपिंडच घात करतं. आधी लघवीत प्रथिन, मग सूज, आणि पुष्कळांना तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान डायलिसिसपर्यंत पोचवणारी अवस्था. दुसरं मूत्रपिंड बसवलं तरी आजार त्यातही परत येऊ शकतो, कारण बिघाड रक्तात आहे.

घात करणाऱ्या कणाचं नाव लायपोप्रोटीन-एक्स. मुक्त कोलेस्टेरॉल आणि लेसिथिन गाठीत बांधलं गेलं नाही की ते कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर करून पोकळ पिशव्या बनवतं, आणि त्या मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात. जन्मजात आजार फार दुर्मीळ, माझ्या आख्ख्या कारकिर्दीत पक्का म्हणावा असा एकही नाही. पण लायपोप्रोटीन-एक्स मी दर वर्षी-दोन वर्षांनी बघते, वेगळ्या वाटेने आलेलं.

एकदा आमचा टेक्निशियन नळी उजेडात धरून म्हणाला, "मॅडम, कोलेस्टेरॉल सातशे चाळीस येऊन राह्यलं, पण सीरम तर साफ दिसते." 740 म्हटल्यावर आणि त्यात ट्रायग्लिसराइड चढलेलं असलं की सीरम दह्याच्या निवळीसारखं गढूळ दिसतं. इथे ते काविळीचं गडद पिवळं, पण आरपार. रुग्णाला पित्तनलिकेत अडथळा होता. सूत्राने काढलेलं एलडीएल सहाशेच्या वर दिसत होतं आणि बाहेरून त्याला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवायची गोळी, सुरूही झालेली होती. मुक्त कोलेस्टेरॉल मोजलं तर 480. म्हणजे हे एलडीएल नव्हतंच. पित्तातलं लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल उलटं रक्तात शिरलं होतं, आजारी यकृताचं एलकॅट अपुरं पडत होतं आणि रक्तभर लायपोप्रोटीन-एक्स झालं होतं. सोडियमही कमी दाखवत होतं. तेही खोटं, कारण आमचं मशीन नमुना पातळ करून मोजतं आणि मेदाने व्यापलेली जागा त्याला कळत नाही. पातळ न करता मोजणाऱ्या ब्लड गॅसच्या मशीनवर तेच रक्त घातलं तर सोडियम ठीक आलं. मी फोन करून सांगितलं, सलाइन लावू नका, स्टॅटिन थांबवा, नलिका मोकळी करा. स्टेंट बसल्यावर काही आठवड्यांत आकडा आपोआप दोनशेच्या खाली आला.

यकृत खचलं की एलकॅट खचतं हे जुन्या डॉक्टरांना ठाऊक होतं. पूर्वी एस्टरचं प्रमाण घसरणं ही यकृताची तपासणीच होती. याचाच दुसरा पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. मुक्त कोलेस्टेरॉल प्लाझ्मात साचलं की ते लाल पेशीच्या पडद्यातही शिरतं. पडदा आतल्या ऐवजापेक्षा मोठा होतो आणि पेशी नेमबाजीच्या लक्ष्यासारखी दिसते: मध्ये ठिपका, भोवती फिकं कडं, बाहेर गडद कडं. आम्ही तिला टार्गेट सेल म्हणतो. पण नागपुरात बसून टार्गेट सेल दिसली की हात आधी सिकलसेलच्या तपासणीकडे जातो, आणि तसाच जावा. विदर्भात सिकलसेल इतका आहे की एलकॅटचा विचार करायच्या आधी शंभरदा तोच निघेल, नाहीतर थॅलेसेमिया.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे. एलकॅट नाही, एचडीएल जवळपास शून्य, मग या लोकांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तर चाळिशीतच तुंबायला हव्यात. तसं दिसत नाही. पूर्ण आजाराच्या कुटुंबांत हृदयविकार अपेक्षेपेक्षा बराच कमी आढळला आहे. त्यांचं एलडीएलही कमी असतं, हे एक कारण. फिश-आयवाल्या कुटुंबांत मात्र चित्र तितकं निर्धास्त नाही, कारण त्यांच्यात एलडीएलवरचं काम चालू राहतं. दुसरं कारण असं की यकृताला गाठच लागते असं नाही. एचडीएलच्या पृष्ठभागावरचं सुटं कोलेस्टेरॉलही ते थेट उचलू शकतं. ग्लॉमसेटच्या चित्रातली प्रेस महत्त्वाची आहे, पण कापूस गावाबाहेर न्यायची ती एकमेव वाट नाही. कोपनहेगनच्या संशोधकांनी 2012 मध्ये 54,500 लोकांच्या नोंदींतून एलकॅटच्या जनुकातला एक बदल तपासला. तो असणाऱ्यांचं एचडीएल जन्मभर सुमारे 13 टक्के कमी होतं, तरी त्यांना हार्ट अटॅक जास्त आले नाहीत. इटलीत गार्दा सरोवराकाठी लिमोने नावाचं गाव आहे. तिथल्या काही कुटुंबांत अ‍ॅपो-ए-वनचंच एक वेगळं रूप आहे, एचडीएल खूप कमी, आणि हृदयविकार त्या मानाने नाही.

उलट बाजूनेही हेच दिसलं. एचडीएल औषधाने वर ढकलायचे प्रयत्न झाले आणि ते बहुतेक फसले. टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल 72 टक्क्यांनी वाढवलं. पंधरा हजारांवर रुग्णांची ती चाचणी डिसेंबर 2006 मध्ये घाईने थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. नायासिनने एचडीएल वाढतं, पण 2011 आणि 2014 च्या दोन मोठ्या चाचण्यांत स्टॅटिनवर असलेल्यांना त्याने जादा फायदा झाला नाही. दोन दशकांपूर्वी मीही रुग्णांच्या नातेवाइकांना "एचडीएल जितकं जास्त तितकं बरं" असं सांगायचे. ते मी सोडलं. एचडीएल हा हिशेबाच्या वहीतला आकडा आहे. तो कमी दिसला की वही बघायची, आकडा खोडून मोठा लिहायचा नाही.

मग तुमचा 31 का? आता तो ट्रक. रक्तात ट्रायग्लिसराइडने भरलेले व्हीएलडीएल कण खूप असले की सीईटीपी नावाचं दुसरं प्रथिन अदलाबदल करतं: एचडीएलमधली कोलेस्टेरॉलची गाठ व्हीएलडीएलला, व्हीएलडीएलमधलं ट्रायग्लिसराइड एचडीएलला. ट्रायग्लिसराइडने फुगलेल्या एचडीएलला यकृतातलं लायपेज, म्हणजे मेद तोडणारं एन्झाइम, चटकन पोखरतं. कण लहान होतो, त्यावरचं अ‍ॅपो-ए-वन सुटतं आणि मूत्रपिंडातून जातं. एलकॅट बिचारं बांधतंच आहे, माल निघून जातोय. 212 आणि 31 ही जोडी आपल्याकडे रोज दिसते. बहुतेक वेळा तिच्यामागे पोटाचा घेर, यकृतात चरबी आणि पुढे येऊ घातलेली शुगर असते.

म्हणून 168 मधून 31 वजा करा. आलं 137. हा नॉन-एचडीएलचा आकडा तुमच्या 95 च्या एलडीएलपेक्षा जास्त खरं बोलतो, आणि तो मला 130 च्या खाली बघायला आवडेल. एचबीए1सी (शुगरसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), एसजीपीटी (यकृतासाठी) आणि लघवीतलं प्रथिन करून घ्या. ही सगळी मिळून त्या कॅप्सूलच्या एका महिन्याच्या पैशात बसतील अशी आशा आहे. खाण्यात तेलाआधी साखर आणि मैदा बघा: दिवसातले चार गोड चहा, सकाळचे तर्री पोहे आणि वर जिलेबी, संत्रा बर्फीचा डबा. दारू घेत असाल तर ट्रायग्लिसराइडवर तिचा हात पहिला असतो. सिगारेटने एचडीएल उतरतं. खर्ऱ्याबद्दल मी इथे काही म्हणत नाही, त्यासाठी तोंडाचे डॉक्टर बसले आहेत. अंबाझरी तलावाला रोज पाऊण तास झपाझप चाललात आणि चार-पाच किलो उतरवलेत तर ट्रायग्लिसराइड खाली येईल आणि एचडीएल काही अंकांनी आपसूक वर सरकेल. तीन महिन्यांनी, रात्रीच्या साध्या जेवणानंतर बारा तास उपाशी राहून पुन्हा तपासा.

एक प्रश्न मात्र मोकळेपणी विचारते, उत्तर मला नको, तुमच्या डॉक्टरांना द्या. जिममध्ये शरीर फुलवायला इंजेक्शन किंवा गोळ्या घेतल्या आहेत का? अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडने एचडीएल 10-15 पर्यंत पडलेलं मी विशी-पंचविशीच्या पोरांत पाहिलंय, आणि औषध बंद केल्यावर परत चढलेलंही. तसंच एखाद्याचं एचडीएल अचानक 5 आलं तर आधी लॅबवर संशय घ्यावा. रक्तात एखादं असाधारण इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिकारशक्तीचं प्रथिन, जास्त असलं की आजच्या थेट पद्धतीत एचडीएल खोटंच कमी येतं, आणि तेव्हा खरा आजार तो इम्युनोग्लोब्युलिनचा निघतो. लॅब, औषध आणि हजाराकडे गेलेलं ट्रायग्लिसराइड, हे सगळं वगळूनही आकडा 10 च्या खाली राहिला, तर मग डोळे, लघवी, मुक्त कोलेस्टेरॉल आणि शेवटी जनुकाची तपासणी. त्या यादीत टँजिअर नावाचा आजारही येतो, ज्यात टॉन्सिल नारंगी होतात. संत्रानगरीत इतकी वर्षं काढूनही तो मला दिसलेला नाही.

कॅप्सूलबद्दल दोन वाक्यं. लेसिथिन पोटात गेलं की आतड्यातलं एन्झाइम त्याची तोडफोड करतं, ते अख्खं जाऊन तुमच्या एचडीएलवर बसत नाही. आणि कुणी खुद्द एलकॅटच गोळीतून देतो म्हणाला, तर ते प्रथिन आहे, वरणासारखं पचेल. ज्यांना ते खरंच हवं आहे त्यांच्यासाठी शिरेतून द्यायचं कृत्रिम एलकॅट बनवून रुग्णात वापरूनही पाहिलं गेलं आहे, पण ती दुकानात मिळायची गोष्ट नाही.

राहिलं आईंचं. बुबुळाच्या काठाशी पांढरट कडं, आणि कडं व काठ यांच्यामध्ये एक बारीक स्वच्छ पट्टी, असं असेल आणि वय साठीच्या पुढे असेल तर ते वयाचं कडं. नजर त्याने कमी होत नाही, डोळ्याच्या मध्यभागी धूसरपणा नसतो. एलकॅटच्या आजारात धूसरपणा मधोमधही असतो आणि तो तरुणपणातच येतो. मोतीबिंदूच्या तपासणीला त्यांना नेणारच असाल तेव्हा स्लिट लॅम्पखाली पारपटल एकदा बघून घ्या म्हणावं, दोन मिनिटांचं काम आहे. कडं चाळिशीच्या आत, तुमच्याच डोळ्यांत दिसलं असतं, तर मी तुम्हाला एलकॅटबद्दल नव्हे, वाढलेल्या एलडीएलबद्दल विचारलं असतं, आणि ते तुमचं 95 आहे.